कोरं आणि शून्य

मी अकोल्याला कॉम्प्युटर होतो. हे वाक्य आता कोणाला सांगितलं की लोक हसतात, पण माझ्या नेमणुकीच्या हुकमावर तसंच छापलेलं होतं. कापूस आणि ज्वारीच्या प्रयोगांचे आकडे जिथे येत त्या सरकारी कचेरीत आकडेमोड करणाऱ्या माणसाच्या पदाचं नावच ते होतं. आम्ही सात-आठ कॉम्प्युटर एका लांब खोलीत बसत असू. प्रत्येकापुढे आकडेमोडीचं लोखंडी यंत्र, उजव्या अंगाला त्याचा दांडा. दांडा सरळ फिरवला की बेरीज, उलटा फिरवला की वजाबाकी. दिवसभर त्या खोलीतून शिंप्याच्या दुकानासारखा खडखडाट येई.

आमच्यावर बाई होत्या. त्यांना नावानं हाक मारलेली मी कोणाच्या तोंडून ऐकली नाही, कचेरीच्या मुख्य साहेबांच्याही नाही. म्हणून इथेही त्या बाईच.

बाई अचलपूरकडच्या. वडील दुसऱ्याच्या वावरात मजुरी करत. वडिलांनी दीक्षा घेतली त्या साली बाईंनी कॉलेजात गणित घेतलं, आणि या दोन्ही गोष्टी त्या एका दमात सांगत. "बापानं धर्म बदलला, म्या विषय बदलला. दोघायलेही लोकायनं येडं म्हटलं." पुढे नागपुरात एम.एस्सी. झाल्या, आमच्या कचेरीत लागल्या, आणि खात्यानं त्यांना मुंबईला इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या वर्गाला पाठवलं. त्या घरून निघाल्या तेव्हा बडनेऱ्याच्या स्टेशनावर त्यांना पोचवायला अख्खी वस्ती आली होती. त्यांच्या आईनं डब्यात चढून बाकावर हात फिरवून पाहिला होता म्हणे, बसायला नीट आहे का ते.

काही महिन्यांनी बाई परत आल्या. यंत्र अर्थात मुंबईतच राहिलं. तसली यंत्रं तेव्हा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, एकेकाला एक हॉल लागे. बाईंनी त्याची भाषा तेवढी आणली, फोरट्रान नावाची, आणि त्या भाषेबद्दलची आपली मतं. मतं जास्त होती.

त्या वऱ्हाडीतच बोलत. शिपायाशी, साहेबांशी, मुंबईहून आलेल्या तज्ज्ञाशी, सगळ्यांशी. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' म्हणतात तशा त्याही म्हणत. पुण्याहून नवीन आलेला एक अधिकारी त्यावर हसला तेव्हा बाई म्हणाल्या, "मी काम बरोबर करतो का पाहा. करतो का करते, थे घरी जाऊन पाहा."

त्यांच्या राज्यात खोडरबरला बंदी होती. कोणाच्या टेबलावर दिसलं की त्या उचलून खिडकीबाहेर टाकत. "खोडू नको, काट. चूक दिसली पायजे. खोडलेली चूक परत येते, काटलेली येत नाई." प्रोग्रामचा आराखडा काढायला मुंबईहून प्लॅस्टिकची एक सुंदर पट्टी आली होती, गोल, चौकोन, शंकरपाळी अशी भोकं पाडलेली. बाईंनी ती कधी वापरली नाही. गोल त्या आपल्या काचेच्या बांगडीनं काढत, चौकोन काडेपेटीनं. "चौकटी साजऱ्या निंगाल्या म्हून इचार साजरा होत नाई," म्हणत.

दांड्याच्या यंत्रावर मात्र त्यांचा जीव होता. इलेक्ट्रॉनिक यंत्राची एवढी भक्त बाई, पण दांड्याची थट्टा केलेली त्यांना खपत नसे. "याले मोठी हातच्याची बेरीज आली का दांडा जड होते. हाताले समजते का आत काईतरी मोठं घडून राहिलं. मुंबईच्या यंत्रात हात घालता येत नाई. म्हून तिथं डोकं घालाव लागते."

आणि एक सक्ती होती. कोणताही हिशेब हातात घेण्याआधी ज्याचा हिशेब ते पीक पाहून यायचं. रविवारी सकाळी त्या पुरुषी सायकलवर, पायात कॅनव्हासचे बूट आणि पदर खोचलेला, अशा प्रयोगाच्या वावरात जात आणि आम्हालाही नेत. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालताना विचारत, "कोनत्या वाणाची पऱ्हाटी बरी दिसून राहिली?" जो तो आपला अंदाज चिठ्ठीवर लिही आणि ती चिठ्ठी चहाच्या रिकाम्या डब्यात पडे. उत्तर आल्यावर डबा उघडायचा. अंदाज चुकला तर त्या रागावत नसत. अंदाज न लिहिणाऱ्यावर रागावत. "अंदाज नसला तर उत्तर आल्यावर तू काय करशील? मान डोलावशील. मान बैलही डोलावते."

त्यांचं आणि फोरट्रानचं भांडण मी कित्येकदा ऐकलं. त्या भाषेत प्रत्येक आकड्याला एक नाव द्यावं लागे, फार तर सहा इंग्रजी अक्षरांचं. इतर लोक ए, बी, सी अशी नावं देत. बाई म्हणत, नावावरून वस्तू कळली पाहिजे. म्हणून त्यांनी कापसाला 'कापूस' हेच नाव दिलं. पण त्या भाषेचा एक नियम होता. आय ते एन या सहा अक्षरांनी सुरू होणारं नाव दिलं की यंत्र तिथे फक्त पूर्णांक ठेवी, पुढचे दशांश कापून टाकी. कापूस 'के'वर सुरू होतो. झालं, सगळ्या कापसाचे दशांश गेले.

"तूर चालते, गहू चालते, कापूस आन् ज्वारी चालत नाई," बाई संतापून म्हणाल्या. "ज्यानं ही भाषा केली त्याले वऱ्हाड माईत नव्हतं."

कापसाच्या जागी त्यांनी पऱ्हाटी घेतली, म्हणजे आमच्याकडचं कापसाच्या झाडाचं नाव. 'पी' चालत होता, आणि एक 'ए' गाळला की नाव सहा अक्षरांत बसत होतं. ज्वारीचं काय करायचं यावर दोन दिवस खल झाला. ज्वारी गेली, जोंधळा गेला, कणीस 'के'नं गेलं, कडबाही गेला. शेवटी कोणीतरी म्हणालं, हुरडा. बाईंचा चेहरा उजळला. त्यानंतर ज्वारीच्या प्रत्येक प्रयोगाचा हिशेब देशाच्या त्या मोठ्या यंत्रावर हुरडा या नावानं चालला. साहेबांनी एकदा कागद पाहून विचारलं, "बाई, हे 'हुरडा' काय आहे?" बाई म्हणाल्या, "सरासरी उत्पन्न, साहेब."

एकदा मुंबईचे एक गृहस्थ आले. कंपन्यांच्या हिशेबासाठी निघालेल्या नव्या भाषेचे ते पुरस्कर्ते. त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं, बघा, ही भाषा साध्या इंग्रजी वाक्यांसारखी आहे, अगदी मॅनेजरलाही वाचता येते.

"मॅनेजरले वाचता याव म्हून दोन अक्षराचं काम दोन ओळीत लेहाचं?" बाईंनी विचारलं.

"त्यांना कळायला नको का?"

"पायजे ना. मंग मॅनेजरले शिकवा. भाषेले काहून फुगवता?"

ते गृहस्थ जेवायला थांबले नाहीत. बाईंनी मात्र त्यांनी विसरलेलं पुस्तक महिनाभर वाचलं आणि एक दिवस म्हणाल्या, "यातली एक गोष्ट चांगली हाय. मानूस घाईत नसला तर चूक लवकर दिसते." त्या माणसाला त्यांनी तसं पत्रही टाकलं. मत बदललं तर ज्याच्याशी भांडलो त्याला कळवायचं, हा त्यांचा नियम होता.

त्याच सुमाराला मुंबईत मोठ्या कचेऱ्यांतल्या कारकुनांनी या यंत्रांविरुद्ध मोर्चे काढले. वारं आमच्याकडेही आलं. अकोल्यात एका भिंतीवर कोणीतरी 'कॉम्प्युटर हटाव' लिहिलं, आणि आमच्यातल्या एकाच्या बायकोनं ते वाचून घाबऱ्याघाबऱ्या विचारलं, "तुमाले काहून हटवून राहिले?"

अमरावतीच्या एका वाचनालयात या विषयावर जाहीर वाद ठेवला होता. एका कंपनीचे अधिकारी यंत्राच्या बाजूनं, संघटनेचे पुढारी विरुद्ध, आणि यंत्राला प्रत्यक्ष हात लावलेली वऱ्हाडातली एकच व्यक्ती म्हणून बाई. बाईंचा धाकटा भाऊ अमरावतीला कारकून होता आणि संघटनेत होता. सभेच्या खुर्च्या त्यानंच मांडल्या होत्या. मी बाईंबरोबर गेलो होतो. हॉल खचाखच भरला होता, लोक खिडक्यांत बसले होते.

बाई उठल्या तेव्हा दोन्ही बाजूंना वाटत होतं की त्या आपल्याच.

"यंत्र चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "जो हिशेब कराले आमची खोली महिनाभर दांडा फिरवते, थो हे यंत्र एका दुपारी करते. दांडा फिरवून मानूस हुशार होत नाई, त्याचा खांदा दुखते. माहा दुखते. म्हून दांडा वाचवा असं मी म्हननार नाई."

मागच्या रांगांतून ओरडा सुरू झाला. बाईंनी थांबून तो ऐकून घेतला, मग अधिकाऱ्यांकडे वळल्या.

"आन् या साहेबायनं सांगतलं का वेळ वाचते. वाचलेला वेळ कोनाच्या घरी जाते, थे नाई सांगतलं. कारकुनाच्या घरी गेला तर यंत्र कारकुनाचं. कंपनीच्या घरी गेला तर कंपनीचं. हे यंत्र ठरवत नाई. हे आंधी लिहून घ्या लागते, यंत्र दारात याच्या आंधी."

आता पुढच्या रांगेतले अधिकारी खाली बघू लागले. बाई बसल्या. टाळ्या जवळजवळ पडल्याच नाहीत.

एस.टी. स्टँडवर भाऊ आला. तो रडकुंडीला आलेला होता. "ताई, मले तोंड दाखवाले जागा नाई ठेवली तू. कोनाच्या बाजूनं बोलली तू?"

"माहा हिशेब अजून पुरा नाई झाला," बाई म्हणाल्या. "झाला का सांगतो."

"सगळे हिशेब पुरे होईपर्यंत आमची नोकरी राहीन का?"

गाडी लागली तशा बाई चढल्या. मूर्तिजापूर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याचा प्रश्न बरोबर होता." वर्षभरानं संघटनेच्या मागण्यांचा छापील कागद निघाला. त्यात बाईंचं ते 'आधी लिहून घ्या' जवळजवळ जसंच्या तसं होतं, फक्त शुद्ध मराठीत. तो कागद भावानंच आणून दिला होता. बाईंनी तो मला दाखवला. त्या हसत होत्या.

आता त्या वर्षाच्या कापसाबद्दल सांगतो.

प्रोग्राम म्हणजे यंत्रानं एकापुढे एक काय करायचं त्याच्या हुकमांची यादी. ती यादी आणि प्रयोगाचे आकडे आम्ही आखलेल्या कागदांवर लिहून टपालानं मुंबईला पाठवत असू. तिथे त्याची भोकं पाडलेली कार्डं होत, ती यंत्रात जात, आणि उत्तराचे रुंद कागद पुन्हा टपालानं येत. एखादा स्वल्पविराम चुकला तरी 'चूक आहे' एवढी ओळ परत येई आणि मधले आठवडे फुकट जात. म्हणून बाई आपला प्रोग्राम मुंबईला जाण्याआधी अकोल्यातच चालवून बघत. माणसांवर.

कचेरीच्या मागच्या अंगणात आम्हाला बसवत. प्रत्येकाच्या हातात शाळेची पाटी, पाटीच्या डोक्यावर एकेक नाव. मी बहुतेक वेळा पऱ्हाटी असे. शेजारी बेरीज, पलीकडे वर्ग, मग सरासरी. बाई हातात कागद घेऊन उभ्या राहत आणि एकेक हुकूम मोठ्यानं वाचत. "पऱ्हाटी, आपला आकडा बेरजेले दे. बेरीज, जुनं पूस, नवं लेह." जिथे फाटा फुटे तिथे शिपायाला उभं केलेलं असे. आकडा ऋण आला तर त्यानं चिंचेकडे हात करायचा, शून्य आला तर हौदाकडे, धन आला तर दाराकडे. आणि बाई त्या दिशेला ठेवलेला कागद उचलून पुढे वाचत. रस्त्यावरचे लोक कुंपणाशी थांबून बघत. साहेब त्याला कवायत म्हणत आणि पाहुणे आले की तेवढा वेळ ती बंद ठेवायला सांगत.

"सोताचं डोकं चालवाचं नाई," बाई दर वेळी बजावत. "सांगतलं तेवढंच कराचं. तुमी यंत्र आहात."

त्या वर्षी कापसाच्या नव्या वाणांची तुलना होती. वऱ्हाडातल्या वेगवेगळ्या ठिकाणी प्रयोग लावलेले. यातला जो वाण बरा ठरेल त्याचं बियाणं वाढवून शेतकऱ्यांना द्यायचं, बाकीच्यांचं बियाणं सरकी म्हणून विकून टाकायचं, असं ठरलं होतं. साहेब पूर्वी या यंत्राच्या विरुद्ध होते, पण आता त्यांचं मन वळलं होतं. प्रयोगक्षेत्रावर शेतकऱ्यांचा मेळावा ठेवून 'इलेक्ट्रॉनिक यंत्रानं दिलेला निकाल' जाहीर करायचं त्यांनी ठरवलं. मुंबईहून खात्याचे वरिष्ठ यायचे होते. बाईंना मुंबईच्या यंत्रावर कायमचं घ्यावं अशी शिफारसही साहेबांनी त्याच वेळी केली होती. माणूस मनानं मोठा होता.

मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात निकालाचा कागद आला. बाईंनी तो वाचला आणि चहाचा डबा मागवला. चिठ्ठ्या उघडल्या. जवळजवळ सगळ्यांच्या चिठ्ठीवर सात नंबरचा वाण पहिल्या दोघांत होता. यंत्राच्या कागदावर सात नंबर सगळ्यांत तळाशी होता.

"बाई, तुमच्या यंत्रानं आपल्या सगळ्यायले नापास केलं," कोणीतरी म्हणालं. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी आम्हाला फक्त सात नंबरचे आकडे काढून दांड्याच्या यंत्रावर बेरजा आणि सरासरी काढायला बसवलं. दुपारपर्यंत उत्तर आलं. आमची बेरीज आणि यंत्राची बेरीज तंतोतंत एक होती. सरासरीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून भागाकार ताडून पाहिले. मग त्यांनी शेतावरून आलेले मूळ तक्ते मागवले.

वावरात कोणत्या ओळीत कोणता वाण लावायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवत. अचलपूरकडच्या प्रयोगात नशिबानं सात नंबरच्या बऱ्याच ओळी नाल्याकडेला आल्या होत्या, आणि पुरात त्या वाहून गेल्या होत्या. तिथल्या माणसानं नियमाप्रमाणे त्या जागा कोऱ्या ठेवल्या होत्या. पीकच नाही तर उत्पन्न काय लिहिणार? मुंबईला गेलेल्या कागदावरही त्या कोऱ्याच गेल्या. आणि फोरट्रानचा नियम असा, की आकड्याची जागा कोरी असेल तर यंत्र तिथे शून्य समजतं. वाहून गेलेल्या ओळी यंत्रानं उभ्या धरल्या आणि त्यांना कापूसच लागला नाही असा हिशेब केला.

"पण बाई, आपण अंगणात चालवून पाहिलं होतं," मी म्हणालो. "कोरी जागा आली तेव्हा मी 'काही नाही' म्हणालो आणि पुढे गेलो."

"तू पुढं गेला, कारन तू मानूस हायेस," बाई म्हणाल्या. "सरासरीवाल्यानं तेवढी ओळ सोडून भागलं, कारन थोबी मानूस. म्या कुठं सांगतलं होतं सोडाले? तुमी शहाणे निंगाले, म्हून माही चूक सापडली नाई." मग हळू आवाजात म्हणाल्या, "नियम पुस्तकात होता. म्या वाचला होता."

त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. मीही तक्ते घेऊन मागे होतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"निकाल नव्यानं मागवायचा तर महिना जाईल," ते म्हणाले. "मेळावा दोन दिवसांवर आहे. वरिष्ठ येताहेत ते यंत्राचा निकाल ऐकायला. आज जे आहे ते जाहीर करू. दुरुस्ती नंतरच्या अहवालात छापू."

"अहवाल कोन वाचते, साहेब? मिरगात पेरनी हाय. सात नंबरची सरकी तवरिक घाण्यात गेली असन."

"आणि यंत्रच चुकलं म्हणून सांगितलं तर? पुन्हा कोणी यंत्राचं नाव घेऊ देईल? तुमची मुंबईची शिफारस मी केली आहे. तिचं काय होईल याचा विचार करा."

"यंत्र चुकलं असं मी काहून सांगू?" बाई म्हणाल्या. "यंत्र नाई चुकलं."

साहेबांनी कार्यक्रमपत्रिका पुढे सरकवली. शेवटी म्हणाले, "तुम्हाला मंचावर यंत्राची माहिती सांगायची आहे. कार्यक्रमपत्रिकेत तेवढंच आहे. तेवढंच सांगा."

मेळाव्याला दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूर सगळीकडून शेतकरी आले होते. मंडपात बसायला जागा नव्हती. पुढे खुर्च्यांवर मुंबईचे पाहुणे. साहेबांच्या खिशात निकालाचा कागद होता, आणि त्यांच्या आधी बाई बोलायला उठल्या. बाईंनी यंत्राची माहिती सांगायला सुरुवात केली. ते केवढं आहे, किती भरभर करतं, कार्डं कशी जातात. लोक रमून ऐकत होते. मग त्या म्हणाल्या,

"आता त्याची एक खोड सांगतो. कोरी जागा दिसली का थे तिथं शून्य धरते. समजा तुमच्या वावराचा एक कोपरा नाल्यात गेला. तुमी म्हनान, तेवढं सोडून हिशेब करा. थे म्हनते, वावर पुरं हाय, त्या कोपऱ्यात पिकलं नाई. कोरं आन् शून्य याच्यातला फरक त्याले समजत नाई. थो आपून सांगाव लागते. अवंदाच्या हिशेबात म्या थो सांगतला नाई. म्हून सात नंबरचा वान खाली गेला. चूक यंत्राची नाई, या कचेरीची नाई. प्रोग्राम म्या लेहला. चूक माही हाय."

 मुंबईचे पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मी बाजूला उभा होतो. आमच्या खोलीतले सगळेच उभे होते, आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळे ताठ उभे आहोत, झेंडावंदनाला राहतो तसे. मला त्या क्षणी जे वाटलं ते आजही तसंच आठवतं. या बाईंच्या हाताखाली आपण काम करतो, हे मंडपातल्या प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मधल्या रांगेतून एक म्हातारा शेतकरी उठला. "मंग बाई, आमी पेराचं काय?"

"सात नंबरचा नवा हिशेब महिन्यात येईन. तवरिक त्याची सरकी विकू नोका म्हना साहेबायले. आन् कोनताही नवा वान असो, पुरं वावर त्याले देऊ नोका. अर्ध्यात जुनंच पेरा. मी आनखी चुकू शकतो."

म्हातारा समाधानानं खाली बसला. "हे बरोबर सांगतलं," तो शेजाऱ्याला म्हणाला.

साहेब उठले. त्यांनी खिशातला कागद काढला, पाहिला आणि परत ठेवला. "निकाल महिन्यानं जाहीर होईल," एवढंच म्हणाले.

महिन्यानं नवा हिशेब आला. सात नंबर पहिला आला नाही, दुसरा आला. पण त्याचं बियाणं राहिलं, आणि पुढे हलक्या जमिनीत तो पहिल्यापेक्षा सरस निघाला. मुंबईची शिफारस वरून रद्द झाली. बाईंची बदली झाली अचलपूरकडे, पीककापणीच्या नोंदींवर. सही साहेबांची होती. बाईंनी कुरकुर केली नाही. "माहेरीच धाडलं," म्हणाल्या आणि सायकल एस.टी.च्या टपावर टाकून गेल्या.

खोलीचं काम चालू राहिलं, पण मजा गेली. बाईंच्या जागी मी प्रोग्राम लिहू लागलो. लिहिला की अचलपूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचा, आणि दोन दिवसांनी त्याच गाडीनं तो परत यायचा, लाल पेन्सिलीनं काटलेला. काटलेल्याच्या बाजूला कारण लिहिलेलं असे. शाबासकी एकदाच आली, ती अशी : "इथं मी चुकली असती."

दोन-तीन वर्षांनी आमच्या कचेरीला कार्डांना भोकं पाडायचं स्वतःचं यंत्र मंजूर झालं आणि स्वतंत्र विभाग निघायचा ठरला. विभागाला प्रमुख हवा होता. साहेबांनी वरच्यांशी काय पत्रव्यवहार केला मला माहीत नाही. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "अचलपूरला चला." जीप होती, तरी ते एस.टी.नं निघाले. काम खासगी आहे, असं म्हणाले.

बाई कापणीच्या वावरात होत्या. आम्हाला बघून त्यांनी मोजणीची दोरी टाकली, हात धुतले आणि जवळच्या आपल्या घरी नेलं. आईनं चहा टाकला. साहेब खाटेवर बसले होते, टोपी गुडघ्यावर. आले कशाला हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "त्या दिवशी मंडपात तुम्ही मला मान खाली घालायला लावलीत, बाई. मला ते बरेच दिवस विसरता आलं नाही."

"मान माही खाली गेली होती, साहेब," बाई म्हणाल्या. "तुमची म्या वर ठेवली. म्हून तर तुमाले इथवर याले लाज नाई वाटली."

 साहेबांनी मान हलवली, आणि ते हसले. मी त्यांना हसताना फारसं पाहिलेलं नव्हतं.

"येता?"

"कापनी उरकू द्या. हे आकडे अर्धे सोडून नाई येत मी," बाई म्हणाल्या. "आठ दिवस लागतीन."

"थांबतो आम्ही," साहेब म्हणाले, आणि आईच्या हातून बशी घेतली.